जुनी काच भट्टीत वितळवताना: ताट पांढरट का झालं, आणि चौथ्या दिवशी का तडकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वरून कॉइल असलेली ३ किलोवॅटची छोटी विजेची भट्टी आहे. खिडकीच्या ४ मिलिमीटर काचेचा तुकडा खाली ठेवून त्यावर हिरव्या बिअरच्या बाटलीचे तुकडे रचले. ८५० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून भट्टी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. ताट तयार झालं होतं, पण वरचा पृष्ठभाग पांढरट आणि खरखरीत होता. चौथ्या दिवशी कोणी हात न लावता ते हिरव्या तुकड्यांच्या कडेने तडकलं. आता त्याच बाटल्यांमधून ५ सेंटीमीटर जाडीचा गणपती साच्यात ओतायचा आहे.

या ताटात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत: न जुळणाऱ्या काचा, पृष्ठभागावर तयार झालेले स्फटिक आणि घाईने थंड होणं. गणपतीचा विचार त्यानंतर करू, कारण हेच तीन दोष तिथे कितीतरी पटींनी महाग पडतात.

तडा हिरव्या तुकड्यांच्या कडेने गेला, यातच पहिलं कारण सापडतं. खिडकीची काच आणि बाटलीची काच दोन्ही सोडा-चुना-वाळूच्याच, पण प्रमाण वेगळं. तापल्यावर काच किती फुगते हे सांगणारा प्रसरणगुणांक कारागीर ज्या आकड्यात बोलतात, त्यात खिडकीची काच सुमारे ८३ ते ८७ आणि बाटली सुमारे ८५ ते ९० असते. फ्युजिंगसाठी, म्हणजे तुकडे भट्टीत तापवून एकजीव करण्यासाठी, मुद्दाम बनवलेल्या काचा ९० किंवा ९६ च्या मिळतात. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच ३३ ची असते. ती या कामात चुकूनही येऊ देऊ नका. दोन काचा वितळून एकजीव झाल्या की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि ताण दोघींच्या सीमेवर साठून राहतो. तो कधी भट्टीतच सुटतो, कधी चार दिवसांनी, कधी चार महिन्यांनी. अशा जोडीला कितीही सावकाश थंड केलं तरी उपयोग नाही.

म्हणून पुनर्वापराच्या काचेत माझा आग्रह एकच: एका वस्तूत एकाच उगमाची काच. एकाच तावदानाचे तुकडे किंवा एकाच बाटलीचे. एक बाटली पुरत नसेल तर त्याच ब्रँडच्या, त्याच रंगाच्या आणि बुडावर कारखान्याची तीच खूण असलेल्या बाटल्या घ्या, आणि तरीही आधी चाचणी करा. फोडण्याआधी प्रत्येक बाटलीची वेगळी पिशवी करा आणि वर चिठ्ठी लावा. सगळा चुरा एका बादलीत गेला की तो चुरा फक्त मोझॅकच्या कामाचा उरतो.

चाचणी सोपी आहे. एका काचेची २ सेंटीमीटर रुंदीची पट्टी घ्या, तिच्यावर दुसऱ्या काचेचे नखाएवढे तुकडे अंतराअंतराने ठेवा, पूर्ण फ्यूज करा आणि नीट थंड करा. एका टोकाला पट्टीच्याच काचेचा तुकडा ठेवायला विसरू नका. मग लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, पट्टी पडद्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून पाहा. गॉगल फिरवत पडदा काळा झाला की थांबा. तुकड्याच्या कोपऱ्यांभोवती उजेडाचं वलय दिसलं तर तिथे ताण आहे. पट्टीच्याच काचेच्या तुकड्याभोवतीही वलय दिसलं, तर दोष जोडीत नाही, थंड करण्यात आहे. चाचणी पुन्हा करा.

काही काचा मुळातच बाजूला ठेवायच्या. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या टीव्हीच्या नळकांड्यात शिसं. आरशामागची चांदी आणि रंग पूर्ण खरवडून काढल्याशिवाय तो वापरू नका. टफन काच मात्र चालते. तिचे फुटून झालेले दाणे तापले की टफनिंग निघून जातं आणि ती साध्या काचेसारखी वागते. घरातल्या अडगळीत ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच सापडली, तर ती बाटल्यांबरोबर वितळवू नका. तिचं प्रमाण बाटलीसारखं असेल असं धरून चालता येत नाही, आणि ती काच आहे तशीच जपण्यासारखी आहे.

आता पांढरटपणा. त्याला डिव्हिट म्हणतात. काच साधारण ७०० अंशांच्या वर फार वेळ राहिली की तिच्या पृष्ठभागावर स्फटिक धरू लागतात. फ्युजिंगच्या खास काचा याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. खिडकीची आणि बाटलीची काच लगेच देते. स्फटिकाला सुरुवात करायला कण लागतो: धूळ, बोटाचा ठसा, लेबलचा गोंद, कटरचं तेल, वाळलेल्या पाण्याचा डाग. बोअरच्या पाण्याने धुतलेली काच स्वच्छ दिसते, पण क्षार तिच्यावरच राहतात. साबणाने धुवा, साध्या पाण्याने खळबळा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं), आणि वाळू न देता धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. परत भरून वापरल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर खांद्यापाशी आणि बुडापाशी घासून पांढरे झालेले पट्टे असतात. तो भाग कितीही धुतला तरी डिव्हिट धरणारच. तो कापून बाजूला काढा किंवा तुकडा उलटा ठेवून घासलेली बाजू खाली करा.

यावर स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे टाकणखार. एक कप गरम डिस्टिल्ड पाण्यात एक चमचा टाकणखार विरघळवा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला, गाळून बारीक फवाऱ्याने वरच्या काचेवर पातळ, सारखा थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यातलं बोरॉन वरच्या पातळ थराला स्फटिक धरू देत नाही. ओघळ आले तर ते भाजल्यावरही दिसतात, म्हणून एका दाट थरापेक्षा दोन विरळ थर बरे.

खिडकीच्या काचेला आणखी एक अंग आहे. १९५९ साली पिल्किंग्टनने जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते. आज बहुतेक सगळी सपाट काच अशीच बनते, त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. ही बाजू डिव्हिटला जास्त दाद देत नाही, म्हणून सपाट फ्युजिंगमध्ये ती वर ठेवावी. पण पुढे तीच काच साच्यात वाकवून तिचा वाडगा करायचा असेल तर वरची बाजू आकुंचन पावते आणि कथिलाचा थर सुरकुतून धुरकट दिसतो. अशा वेळी कथिल खाली आणि वर टाकणखार. कथिलाची बाजू ओळखायला २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लागतो. तिरपा धरला की ती बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायचे दिवे सहसा ३६५ नॅनोमीटरचे असतात, त्यांनी हे काम होत नाही. २५४ च्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

तुमचं ८५० अंश आणि अर्धा तास हे दोन्ही जास्त आहे. शिवाय ४ मिलिमीटरची एकेरी काच पूर्ण फ्यूज केली की कडा आत ओढल्या जातात. वितळलेली काच पृष्ठताण आणि वजन यांचा मेळ साधत ६ ते ७ मिलिमीटर जाडीला यायला बघते. त्याहून पातळ असेल तर गोळा होते, जाड असेल तर पसरते. आपल्याकडे ३.५ मिलिमीटरची काच सहज मिळते. तिचे दोन थर म्हणजे जवळजवळ नेमकी जाडी.

२५ सेंटीमीटरच्या दोन थरांच्या ताटासाठी हे वेळापत्रक धरा:

ताशी १५० अंशांनी ५४० पर्यंत, तिथे २० मिनिटं.
ताशी ५० अंशांनी ६८० पर्यंत, तिथे ४० मिनिटं.
ताशी ३०० अंशांनी ८२५ पर्यंत, तिथे १० मिनिटं.
वीज बंद, दार बंद, ५४० पर्यंत आपोआप. तिथे दीड तास.
ताशी ६५ अंशांनी ४५० पर्यंत, ताशी ११५ अंशांनी ३८० पर्यंत, मग भट्टी बंद. ५० अंशांच्या आत आल्यावरच दार उघडायचं.

दुसरा टप्पा दोन थरांमधली हवा कडेने बाहेर काढण्यासाठी आहे. तो घाईत उरकला तर मध्ये मोठा फुगा येतो. तिसऱ्या टप्प्यात उलट वेग हवा, कारण ७०० ते ८२५ या पट्ट्यात काच रेंगाळली की डिव्हिट. प्रत्येक भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी कांडी) वेगळ्या जागी असतो, म्हणून हे आकडे १० ते १५ अंश मागेपुढे होतील. पहिल्या वेळी ८०० पासून पुढे दर पाच मिनिटांनी झरोक्यातून पाहा. त्यासाठी ३ नंबरच्या शेडचा वेल्डिंग गॉगल वापरा, साधा उन्हाळी गॉगल नाही. तुकड्यांच्या कडा गोल झाल्या पण उंची टिकली तर ते टॅक फ्यूज, साधारण ७६० ते ७८०. सगळं सपाट झालं की पूर्ण फ्यूज. झालेलं ताट साच्यावर वाकवायला ६७० ते ६९० पुरतात.

काच भट्टीतल्या ज्या शेल्फवर ठेवता, त्याला ती चिकटू नये म्हणून लेप हवाच. अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समान वजनाने घेऊन दुधाइतकं पातळ करा, मऊ ब्रशने चार-पाच हात आडवे-उभे-तिरपे द्या आणि २५० अंशांवर वाळवा. पूर्ण फ्यूजनंतर हा लेप खरवडून नवा द्या. जुना लेप काचेला चिकटतो. चिकटलाच तर लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवून नायलॉनच्या ब्रशने काढा.

बाटली न फोडता चपटी करायची असेल तर ५९० पर्यंत ताशी १५०, तिथून ७२० पर्यंत ताशी ८०, तिथे २० मिनिटं, मग ७८० ला ५ ते १० मिनिटं. मानेत फायबर पेपरची (भट्टीची उष्णता सोसणाऱ्या कागदाची) अरुंद पट्टी ठेवा, नाहीतर तोंड आधी मिटतं आणि आतली हवा पोट फुगवते. थंड करण्याचा वेग भिंतीच्या नव्हे, बुडाच्या जाडीवर ठरवा.

थंड करण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक कामं तिथेच बिघडतात. काच घट्ट झाली म्हणजे तिच्यातला ताण निघाला असं नाही. बाटली-खिडकीच्या काचेत साधारण ५४० ते ५५० अंशांना ताण काही मिनिटांत विरतो आणि ५१० च्या आसपासून खाली तो कायमचा बसतो. म्हणून आधी ५४० ला सगळी काच, आतून-बाहेरून, एकाच तापमानाला आणायची आणि मग खाली उतरताना पोट आणि पृष्ठभाग यांत फरक पडू द्यायचा नाही. भट्टी नुसती बंद केली तर छोटी भट्टी ५०० अंशांच्या पट्ट्यात सहज ताशी १०० ते २०० अंशांनी उतरते. एकेरी पातळ काच ते कदाचित सोसते, जाड काच सोसत नाही.

जाडी दुप्पट झाली की उतरण्याचा वेग निम्मा नव्हे, चौथाई करावा लागतो. १२ मिलिमीटरला ५४० वर २ तास आणि ४५० पर्यंत ताशी ५५ अंश. २५ मिलिमीटरला ४ तास आणि ताशी १५. ५० मिलिमीटरला ८ तास आणि ताशी ४. हे आकडे वरून आणि खालून सारखी थंड होणाऱ्या काचेचे आहेत. साच्यात बसलेली काच फक्त वरून थंड होते, म्हणून तिला दुप्पट जाडीची समजून आकडा घ्यायचा.

आता गणपतीचा हिशोब मांडू. ५ सेंटीमीटर जाडी, साच्यात, म्हणजे १० सेंटीमीटरचं वेळापत्रक: ५४० ला १६ तास, मग ४५० पर्यंत ताशी १ अंशाहूनही कमी, ३८० पर्यंत ताशी १.७, पुढे ताशी ५.६. एकूण सुमारे ९ दिवस भट्टी अखंड चालू. दुसरी अडचण काचेची. ओतकामाच्या खास काचा ८३० च्या आसपास मधासारख्या वाहतात. बाटलीची काच ८८० लाही घट्ट काकवीसारखी हलते. सोंडेमागची पोकळी, बोटं, सुळा यांत ती शिरत नाही. तापमान वाढवून ढकलावं तर ९०० च्या वर प्लॅस्टरचा साचा झिजू लागतो आणि काचेला चिकटतो. शिवाय कान पातळ आणि पोट जाड असलं की दोन्ही एका वेगाने थंड होत नाहीत.

म्हणून पूर्ण मूर्तीऐवजी उठावातला गणपती करा: सपाट पाठ, वरून उघडा साचा, जास्तीत जास्त जाडी २५ मिलिमीटर, सगळीकडे शक्य तितकी सारखी, कडा बाहेर झुकलेल्या. याला ५० मिलिमीटरचं वेळापत्रक लागतं: ५४० ला ८ तास, ४५० पर्यंत ताशी ४, ३८० पर्यंत ताशी ७, पुढे ताशी २२. म्हणजे सुमारे ५६ तास. घरच्या भट्टीला हे जमतं.

साच्यासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस, २०० मेशचं सिलिका पीठ आणि पाणी तिन्ही समान वजनाने. कोरडी पिठं आधी मिसळा, पाण्यात चाळून सोडा, दोन मिनिटं भिजू द्या, मग हाताने तळापासून तीन-चार मिनिटं ढवळा. फेटू नका, बुडबुडे काचेवर मुरमांसारखे उमटतात. भिंत २० ते २५ मिलिमीटर. सिलिकाचं पीठ फुप्फुसात बसतं आणि तिथून निघत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क पीठ उघडण्याआधी लावा, आणि जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

किती काच लागेल ते मोजायला कोरड्या साच्यात मोहरी काठोकाठ भरा आणि ती मापाच्या भांड्यात ओता. जितके मिलिलिटर, त्याच्या अडीच पट ग्रॅम काच. ४०० मिलिलिटर असेल तर १ किलो, वर ५० ग्रॅम जास्त. खडे साच्याच्या वर डोंगरासारखे रचावे लागतात, कारण त्यांच्यात निम्मी जागा हवेची असते. न मावल्यास बुडाला भोक असलेली मातीची कुंडी वर टेकवून तिच्यातून काच झिरपू द्या. कुंडी एकदाच वापरायची.

खडे फोडायला लोखंडी खलबत्ता चालतो, पण नंतर लोहचुंबक तीन-चार वेळा फिरवा, नाहीतर तपकिरी ठिपके येतात. मोठे, दोन-तीन सेंटीमीटरचे खडे घेतले तर ओतकाम पारदर्शक राहतं आणि आत धुरासारखे पडदे दिसतात. रव्याएवढा चुरा घेतला तर असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकून सगळं दुधाळ होतं. मुद्दाम तसं हवं असेल तर ते सुंदरही दिसतं.

साचा सावलीत आठवडाभर वाळवा. मग भट्टीत ताशी ५० ने १०० अंशांपर्यंत, तिथे ६ तास, दाराला बोटभर फट ठेवून. थंड आरसा फटीपाशी धरला तर वाफ धरायची थांबली पाहिजे. मग दार लावून ताशी ५० नेच २०० ला २ तास आणि ६०० ला १ तास. मध्ये ५७३ अंशांना सिलिकाची रचना बदलून ती अचानक फुगते. तिथे घाई केली की साच्याला भेगा जातात आणि काच त्यांतून पात्यासारखी बाहेर येते. पुढे ताशी १०० ने ६८० ला १ तास, ताशी २०० ने ८८०, आणि वरचा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत साधारण २ ते ३ तास. मग ५४०.

इतक्या तासांत वीज जाण्याची शक्यता धरूनच चाला. तुमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा ठरलेला वार असेल, तर थंड होण्याचे पहिले ४० तास त्या वारावर येऊ देऊ नका. गेलीच तर दार उघडू नका. वीज आल्यावर तापमान ४५० च्या वर असेल तर ताशी ५० ने पुन्हा ५४० ला न्या आणि थंड करणं पहिल्यापासून सुरू करा. त्याखाली गेलं असेल तर ताशी १५ ते २० ने वर न्या. घाईने तापवलेली जाड काच चढतानाच फुटते. कंट्रोलर वीज आल्यावर आपोआप कुठून सुरू होतो हे रिकाम्या भट्टीत आधी तपासून ठेवा. काही कंट्रोलर पहिल्या टप्प्यावर परत जातात, आणि मग अर्धवट थंड झालेलं काम पुन्हा ८८० ला पोहोचतं.

तुकडे झालेच तर कडा पाहा. कडा गोलसर असतील तर काच चढताना फुटली आणि नंतर वितळली. धारदार असतील तर उतरताना किंवा नंतर. नागमोडी तडा म्हणजे ताण राहिला. दोन काचांच्या सीमेवरून गेलेला तडा म्हणजे जोडी जुळत नाही. तुमच्या ताटाची कडा धारदार असेल आणि तडा हिरव्या तुकड्यांभोवती फिरला असेल, तर ते पुन्हा भाजून वाचणार नाही.

उठावाचं काम भट्टीतून काढल्यावर खोलीत आणखी एक दिवस साच्यातच राहू द्या. वरून गार लागलं तरी पोट कोमट असतं. साचा लाकडी काठीने, ओला करून, थोडा थोडा खरवडा. धार लागलेल्या कडा सिलिकॉन कार्बाइडच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासा, १२० पासून २२०, ४०० आणि ६०० पर्यंत. प्लॅस्टरचं पाणी मोरीत सोडू नका. बादलीत बसू द्या, वरचं पाणी झाडांना न घालता निथळून टाका, आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात द्या.